पुडीमागचा फोटो

आसारामचा देवावर विश्वास होता, बाकी कोणावर नाही. दूधवाल्याच्या मापावर नाही, रिक्षाच्या मीटरवर नाही, बायकोच्या ‘दोन मिनिटांत येते’वर तर नाहीच. सावेडीतल्या त्याच्या शेंगदाणे-फुटाण्याच्या दुकानात रद्दीचे चौकोन कापून ठेवलेले असत, आणि पुडी बांधण्याआधी तो प्रत्येक तुकडा वाचून काढी. गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर.

त्या सोमवारी सकाळी त्याचा जुना मित्र कानिफनाथ, निवृत्त एसटी कंडक्टर, मोबाईल नाचवत आला. ‘त्रिनाभ टेक’ नावाच्या पुण्याच्या चिमुकल्या कंपनीला सरकारचं मोठं काम मिळालं होतं, शेअर वर धावत होता.

“लई ताजी बातमी हाय. वहिनी, शिलाईचे पैसे घाला.”

आसारामच्या बायकोनं, पुष्पावतीनं, पासबुक काढलंसुद्धा. चार वर्षं मशीन चालवून लेकीच्या नर्सिंगसाठी साठवलेले पैसे होते ते. आसारामच्या मनात पाल चुकचुकली. हे आपण कुठंतरी वाचलंय. आणि कानिफला एवढी घाई कसली? स्वतःचे शेअर लोकांच्या गळ्यात मारतोय की काय?

“दुपारपर्यंत थांब,” तो बायकोला म्हणाला.

“तुमचा संशयच एक दिवस आपल्याला खानार,” ती फणकारली.

त्यानं गठ्ठे उपसले. तुकडा सापडला. तीच कंपनी, तेच काम, शब्दसुद्धा तेच. पण तारखेची पट्टी कापताना गेलेली. तारखेशिवाय कोण मानणार? चिडून त्यानं कागद उलटला. मागं बनुबाईचा फोटो होता, खाली दशक्रियेचं निमंत्रण. बनुबाई म्हणजे कानिफची आई. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

दुपारी कानिफ आला तसा आसारामनं गिऱ्हाइकांसमोरच कागद त्याच्यापुढं आपटला. “ताजी बातमी व्हय? मग तुजी आई कालच गेली म्हन की!”

“जुनी असंना का,” एक गिऱ्हाईक म्हणालं, “भाव चढतोय ना?”

पण बातमी जुनी असल्याचं बाजाराला कळलं होतं; मोबाईलवर भाव आता कोसळत होता, शेअर विकत घ्यायला कोणी उरलं नव्हतं. कानिफनं बातमी वाचली, कागद उलटला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“तिच्या पाटल्यांचे पैसे सकाळीच घातले रं मी. आन् तू मला चोर समजलास?”

आसारामनं जीभ चावली. लेकीचे पैसे वाचले होते, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं रोजची शेंगदाण्याची पुडी पुढं केली.

कानिफनं ती घेतली नाही.

“आदी बघ,” तो म्हणाला, “तिच्यात कुनाची आई हाय.”