उपास करून या

"दोघींनाही डायबेटिस आहे," डॉक्टर म्हणाले. एकाच सकाळी, एकाच बाकावर बसलेल्या आम्ही दोघी. मी आणि शेजारची हमीदा. मुरुडजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी, कुंपणापलीकडे तिचं घर.

मला डॉक्टरांनी दोन मिनिटांत वाटेला लावलं. "बाई, तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? ह्या गोळ्या सुरू करा. पुढच्या गुरुवारी फास्टिंग शुगर करू. सकाळी उपास करून या."

हमीदाला मात्र पाव तास! रमजान जवळ आला होता. सहेरीला काय खाता, इफ्तारला काय, कोणती गोळी कधी, सगळं विचारून त्यांनी कागदावर लिहून दिलं. बाहेर बसून मी धुमसत होते. डॉक्टर पुण्याचे, माझ्याच भाषेचे, आमच्यासारखेच गणपती बसवणारे. आणि कौतुक तिचं! मला हेवा वाटला, अगदी पोटातून.

रिक्षात ती टेस्टबद्दल काही सांगू लागली. "मला सांगितलंय त्यांनी," मी तिला तोडलं.

गुरुवार माझा उपासाचाच वार. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वाडीतली दोन केळी खाऊन मी ऐटीत दवाखान्यात गेले. "उपास आहे ना?" सिस्टरनं विचारलं. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

हमीदाचीही टेस्ट त्याच दिवशी होती, तिचा रिपोर्ट छान आला. माझी साखर इतकी चढलेली, की डॉक्टरांनी पथ्य पाळत नाही म्हणून मला तिच्यादेखत झापलं आणि गोळीचा डोस दुप्पट केला. त्या दिवशी मी तिच्याशी बोललेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुपाऱ्या सोलताना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. रक्तातली साखर एकदम खाली जाते, आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही तर माणूस जाऊ शकतं. घरात कोणी नव्हतं. हमीदानं कुंपणावरून पाहिलं, धावत आली, शुद्ध जायच्या आत मला साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टर कोड्यात पडले. इतकी चढलेली साखर इतकी उतरली कशी?

"डॉक्टर, आधी बाईंना इचारा, टेस्टच्या दिवशी काय काय खाल्लंन," हमीदा म्हणाली. "यांचा उपास आमच्या रोज्यासारखा न्हाय हो, ताटभर असतो!"

मी खिचडीपासून केळ्यांपर्यंत सगळं कबूल केलं. डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "चूक माझी. त्यांना सगळं विचारलं. तुम्ही आपल्यातल्या म्हणून तुम्हाला काहीच विचारलं नाही."

फास्टिंग म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर नुसतं पाणी. रिक्षात हमीदा हेच सांगत होती. तेव्हा तुम्हाला कोणी उपास करून या म्हटलं, तर काय खायचं नाही ते तोंड उघडून विचारा. शेजारीण सांगत असेल तर ऐका.

माझा डोस आता पूर्ववत झाला आहे. हमीदाची साखर अजूनही माझ्यापेक्षा चांगली असते, आणि खोटं कशाला बोलू, मला अजून तिचा हेवा वाटतो. पण हेवा करायला मी उरले आहे, ती तिच्यामुळेच.