दिगूची सुतळी कुजली नव्हती

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, दिगूकाका गेले," तबेल्याचा मालक म्हणाला, आणि त्याच दमात पुढे, "त्या कुजक्या दोरीच्या भानगडीनंतर खचलेच होते हो." माणूस जाऊन तास झाला नव्हता आणि याला दोरी आठवली! सहा आठवडे झाले, माझा राग तसाच आहे.

दिगू माझा धाकटा भाऊ. मरोळच्या तबेल्यात चाळीस वर्षं घोडे सांभाळले त्यानं, वरातीचे आणि शूटिंगचे. लग्न केलं नाही. रविवारी घाटकोपरला माझ्याकडे जेवायचा आणि दारात बसून म्होरक्या वळायचा. म्होरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायची दोरी. लगामासारखं तोंडात लोखंड नसतं. सुती दोर, करंगळीएवढा जाड. आधी माझ्याच बादलीत भिजवायचा, ताणून सावलीत वाळवायचा, नाहीतर पहिल्या घामाला दोर आखडतो आणि घोड्याचं तोंड आवळतं म्हणे. नाकावरचा वेढा हाडावर बसायला हवा, खाली घसरला की श्वास कोंडतो. गालाशी दोन बोटं जागा. नायलॉनचं नाव काढलं की भडकायचा. मी एकदा म्हटलं, "स्वस्त आहे, टिकते, घे की." तर त्यानं नायलॉनची दोरी सर्रकन माझ्या गालावरून ओढली.

"मेल्या, सालटं काढलंस!"

"तुला ओरडता तरी येतं, आक्का. घोडा कुणाला सांगणार?"

मग गेल्या वर्षी मढच्या बंगल्यातलं ते शूटिंग झालं. पांढरी घोडी कडीला बांधलेली, दोर आणि कडीच्या मध्ये सुतळीचा वेढा. मोठा दिवा फुटला, घोडी बुजली, हिसका देऊन सुटली आणि मांडलेल्या टेबलांतून धावत थेट फाटकाशी जाऊन उभी राहिली. कुणाला खरचटलं नाही, घोडीलाही नाही. फुटल्या त्या बश्या. पण सगळे दिगूवर तुटून पडले, म्हाताऱ्यानं कुजकी सुतळी बांधली म्हणून. दिगू म्हणाला, "मुद्दाम बांधली होती." ते हसले. मालक शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "वय झालंय काकांचं, सॉरी." दुसऱ्या दिवसापासून दिगूला घोड्याला हात लावायची बंदी. लीद उचलायची फक्त.

आणि मी... मीही त्या रविवारी बोललेच. "नवी दोरी आणायला काय धाड भरली होती तुला?" त्यानं भिंतीतल्या खिळ्याला सुतळीचा वेढा बांधला, त्यात दोर ओवला आणि म्हणाला, "ओढ." मी ओढला. सुतळी तुटली. मग दोर थेट खिळ्याला बांधून म्हणाला, "आता ओढ." मी ओढत राहिले, मान अवघडली, पण दोर सुटेना. "घोडा घाबरला की थांबत नाही, आक्का. काहीतरी तुटणारच. सुतळी नाही तुटली तर मान तुटते." चौथी शिकलेल्या मला ते एका हिसक्यात कळलं. त्या शिकलेल्यांना कळायला काय अडचण होती?

दिवस झाल्यावर त्याची ट्रंक आणायला तबेल्यात गेले. सात घोडे बांधलेले, आणि प्रत्येक कडीला सुतळीचा वेढा. नवाकोरा.

"हे काय रे?"

मालक म्हणाला, "काकांची पद्धत ना. घोडा सेफ राहतो."

"मग मढला तोंड का शिवलं होतंस?"

"मावशी, शूटिंगवाल्यांसमोर कसं बोलणार? काम गेलं असतं."

"त्याचं गेलंच ना!"

"आता गेलेल्या माणसाचं कशाला काढता..."

"तो होता तेव्हा भांडला नाही, म्हणून मी भांडते. हाक मार सगळ्यांना."

घोड्यांची चाकरी करणारे चौघे हातातली कामं टाकून आले. मालक जमिनीकडे बघत पुटपुटला, "काकांची दोरी कुजलेली नव्हती."

"मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं."

तो मोठ्यानं बोलला. "दोरी बरोबर होती. माझं चुकलं." चौघांतला एक म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, शेठ." झकास. सगळ्यांना माहीत होतं, आणि माझा भाऊ वर्षभर लीद उचलत होता.

एकानं ट्रंकेला हात घातला. मी म्हटलं, "तू नको." मालकाकडे बघत राहिले. रिक्षा पार नाक्यावर उभी होती. तिथपर्यंत मालकानं ट्रंक डोक्यावरून आणली, आणि मी मुद्दाम हळू चालले.