ओल्या पाल्याचा धूर

डासांना हाकलायला निघून माणसांना हाकलणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. नेवाशाकडे त्यांची वस्ती कालव्याला लागून आहे, त्यामुळे हुरड्याच्या दिवसांत आधी ज्वारी भरात येते की डास, हे सांगणं कठीण. संध्याकाळी आगटी पेटून कणसं भाजायला लागली, की एका गंजक्या घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव घेऊन मामा बंदोबस्ताला निघत. त्यात कडुनिंबाचा पाला जाई, कांद्याची सालं जात, एकदा चुकून मिरच्यांची देठंही गेली. त्या दिवशी कालव्यापलीकडच्या वस्तीवरूनसुद्धा खोकल्याचे आवाज आले.

घमेल्यावर पहिला मान गाईचा. तिच्या अंगावरून धूर फिरल्याशिवाय तो पाहुण्यांना मिळत नसे. "तिला हात न्हाईत, तुमाला हाईत," मामा म्हणत. मग मूठभर भुसा हवेत सोडून ते वारा बघत आणि लग्नातली पंगत बसवावी तसे सगळ्यांना सतरंजीवर बसवत. पाहुणे टेकले की वारा फिरे. पुन्हा भुसा, पुन्हा उठाबस. हुरडा खाताना सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी गळे आणि दोष उगाच चटणीला जाई. दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, पुण्याहून डासांचं मलम आणलं, तर मामांनी ते आधी गाईच्या कानाला लावून पाहिलं आणि "तिला न्हाई आवडलं" म्हणून परत केलं. डास मारायला मात्र ते कुणालाच देत नसत. "एक मारला की त्याचं सगळं गणगोत मातीला येतं."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. मामा मला गाईशेजारी, घमेल्याजवळ बसवत. समोरून आत्याच्या थोरल्या जाऊबाई हमखास विचारत, "काय गं, मुकी हायेस का? आईला तुझ्या लग्नाचं इचारलं तर म्हनती तिलाच इचारा." सगळे खायचे थांबून माझ्याकडे बघत. नेमका तेव्हाच मामांच्या हातून ओल्या पाल्याचा भारा घमेल्यात पडे आणि जाड, पांढरा धूर सतरंजीवर पसरे. "आवो भावजी, त्यापरीस डास परवडलं," म्हणत जाऊबाई खोकत उठत. धूर विरेपर्यंत गप्पा उसाच्या तोडीवर गेलेल्या असत. मला वाटे, माणूस धांदरट आहे. एरवी वाळका पाला वापरणाऱ्या मामांच्या हाताला माझ्याच वेळी ओला कसा लागतो, हे ध्यानात यायला मला कॉलेज उजाडलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

यंदा आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला दादाकडे होती, ती आता तिथेच राहणार असं ठरत होतं. तरी मामांनी हुरड्याला बोलावलं. घमेलं आधी गाईकडे गेलं, मग आमच्याकडे आलं. सगळे बसल्यावर दादा मामांना म्हणाला, "आप्पा, घोडेगावच्या बाजारात गाय विकायला कधी न्यायची ते आज सांगूनच टाका. एका गाईसाठी इथे किती दिवस एकटे राहणार?"

"खरंय त्याचं," जाऊबाई म्हणाल्या. "बोला की, भावजी."

मामांच्या मुठीत भुसा होता. तो त्यांनी सोडलाच नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेल्या या माणसाने गाईकडे एकदा बघून मान खाली घातली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मला ते बघणं चांगलं ठाऊक होतं.

पाल्याचा ढीग माझ्या हाताशी होता. मी वरचा वाळका बाजूला सारला, खालचा ओला दोन्ही हातांनी उचलला आणि घमेल्यात टाकला.

दादा चष्मा पुसत उठला. जाऊबाई खोकत गोठ्यापलीकडे गेल्या. मला कुणीच दिसेना. धुराच्या पलीकडून फक्त मामांचा आवाज आला, "वारं फिरलं वाटतं."

वारा मुळीच नव्हता. माझ्या बाजूला गाय शांतपणे रवंथ करत होती. धूर जरा विरळ झाला की मी आणखी पाला टाकत राहिले.