माह्यं शेवटी घेजो

हवालदार कोणालाही आधी स्वतःची लढाई सांगू देत नसत. एखादा म्हातारा फौजी माझ्या रेकॉर्डरसमोर छाती पुढे काढून बसला, की हे खेकसायचे, "आंधी जे वापस आले नाई त्याइचे नावं घे. मंग तुह्या बंदुकीचं सांगजो." छाती हळूहळू खाली बसायची. नावं घेताना काही जण रडायला लागत. तेव्हा हवालदार खिडकीबाहेर बघत राहत, आणि मशीन बंद करू नको म्हणून मला हातानंच खुणावत.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या फौजींच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवायचं खूळ माझं. पण मला एकटीला दारात कोण उभं करणार? पिपरी मेघेला राहणारे हवालदार स्वतः एकाहत्तरच्या लढाईत होते. ते सोबत असले की दारं उघडायची. आपल्या खटारा स्कूटरवर मागं बसवून त्यांनी मला गावोगाव फिरवलं. मी पन्नाशीची बाई, तरी त्यांच्यासाठी 'पोरी'च.

थापा त्यांना खपत नसत. पवनारच्या एका आजोबांनी एकट्यानं रणगाडा उडवल्याची कथा अशी काही रंगवली, की मी कान टवकारून बसले. हवालदार बशीतला चहा फुरकत म्हणाले, "गड्या, तू तं लंगरमंधी होता. भाजीचं सांग." आजोबा आधी भडकले, मग हसले. आणि थंडीनं दगड झालेले बटाटे कसे चिरले, लढायला गेलेली पोरं जेवायला येतील म्हणून ताटं कशी मांडून ठेवली, हे सांगत बसले. माझ्याकडचं सगळ्यात खरं रेकॉर्डिंग ते आहे.

हळूहळू आम्ही पोचायच्या आत माणसं जायला लागली. दारात मांडव दिसला की हवालदार स्कूटर वळवायचे. "तुमचं कधी?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "माह्यं शेवटी घेजो. आंधी म्हातारे घे." अहो, मग तुम्ही काय कोवळे आहात? पण ऐकतात कसले!

आंजीला मात्र ते काही केल्या येत नसत. तिथल्या कौसल्याबाईंचा भाऊ, भास्कर, हवालदारांच्याच तुकडीत होता. तो परत आला नाही, त्याचा देहही आला नाही. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, एवढंच बाईंना हवं होतं. हवालदार आयुष्यभर "सांगीन" म्हणत आले होते. बाई आता थकल्यात, हे मी एकदा त्यांच्या कानावर घातलं. बराच वेळ ते हेल्मेटचा पट्टा कुरवाळत बसले.

"दिवाळी होऊ दे," ते म्हणाले. "तिच्यासमोरच सांगतो. मशीन आनजो."

दिवाळीआधीच त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मान तेवढी हलायची, तीही एकाच तऱ्हेनं, नाही म्हटल्यासारखी. सून विचारायची, बाबा, चहा घेता? मान नाही म्हणायची, आणि कप ओठाला लावला की घटाघट प्यायचे. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. मला भयंकर संताप आला. कोणावर, ते आजही कळत नाही.

कौसल्याबाई तरीही आल्या. वाचा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, मानेचं नव्हतं. मला म्हणाल्या, मशीन लाव. हवालदारांचा नियम सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. बाईंनीही आधी नाव घेतलं. "भास्कर." मग खाटेजवळ वाकून विचारलं,

"हवालदारभाऊ, तो एकटा होता काय?"

मान हलली. नाही.

बाईंचा चेहरा इतका निवळला, की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मानेचं आम्ही दोघींनीही बाईंना सांगितलं नाही. बाईंनी हवालदारांचा लुळा हात आपल्या हातात घेतला.

"म्हंजे तुमी होते त्याच्यापाशी?"

मान पुन्हा हलली. तशीच.

हवालदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी तो हात हळूच गादीवर ठेवला आणि चपला शोधायला लागल्या.

पुढच्या महिन्यात हवालदार गेले. त्यांचं मी शेवटीच घेतलं, ते म्हणत तसं. त्यात एक नाव आहे, दोन प्रश्न आहेत, आणि बाकी नुसता पंख्याचा आवाज.