छाती साफ

जबलपुरातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात सरोजिनी सिस्टरनं सव्वीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात तिचा माणसाच्या सांगण्यावरचा विश्वास पार उडाला. त्याला कारणही होतं. लग्नसराई आली की निम्म्या कामगारांना खोकला व्हायचा! नर्सिंग शिकताना तिनं घोकलं होतं, रोगी सांगतो ते लक्षण आणि आपल्याला दिसतं, ऐकू येतं ते चिन्ह. दोन्ही मिळून आजार कळतो. कारखान्यानं तिला त्यातलं अर्धं विसरायला लावलं. ताप बघायचा, श्वास मोजायचे, छातीला नळी लावायची. बाकी सगळी बडबड. तिनं ‘छाती साफ’ म्हटलं की डॉक्टरसाहेब डोळे झाकून फिट लिहीत. ह्याचा तिला भारी तोरा होता.

कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये रंग मारणारा हेमचंद्र डिसेंबरात तीनदा आला. "सिस्टर, पहाटे छाती आवळते. शिट्टी वाजून राहते. उठून बसावं लागते."

सकाळचे अकरा. ताप नाही, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, छाती साफ. तिसऱ्या खेपेला ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुझी शिट्टी काय फक्त घरीच वाजते? चलो, ड्यूटीवर!" रांग खो खो हसली. चौथ्यांदा तो आलाच नाही.

जानेवारीत एका पहाटे, ओठ निळे पडल्यावर, त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. दमा. हल्ला नसेल तेव्हा दमेकऱ्याची छाती साफ असू शकते, तिथं त्याचं सांगणंच कामी येतं, हे सिस्टरला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर तिला तोंड लपवावंसं वाटत होतं.

तो घरी परतल्यावर ती मदन महल भागातल्या त्याच्या घरी त्याला भेटायला गेली. तर तोच तिला बघून खाटेवरून उठून उभा राहिला. त्याची बायको श्रद्धा चहा ठेवायला आत गेली. सिस्टर माफी मागायला आली होती, पण तोंडून निघालं भलतंच: "अरे, मला नीट सांगायचं तरी."

बोलल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली.

हेमचंद्रनं मोबाईल काढला. "हे ऐकवायला आणलं होतं जी, तिसऱ्या वेळी."

"मग ऐकवलं काहून नाही?"

"सगळे हसले ना. वाटलं, तुम्ही म्हणाल मोबाईलवरही नाटक करून राहिला."

तिनं फोन कानाला लावला. शिट्टी स्वच्छ वाजत होती, नळीची गरजच नव्हती. त्या शिट्टीमागून श्रद्धाचा आवाज आला, "घाबरू नका. सकाळी सिस्टरला ऐकवा, त्या बरोबर ओळखतील."

श्रद्धा चहा घेऊन बाहेर आली. सिस्टरला मान वर करवेना.