घरगुती कारण

सुपरवायझरने हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, माझी पाण्याची बाटली चिमटीत धरली आणि कंपाउंडबाहेर भिरकावली. सकाळची पाळी आत चालली होती. सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "टीबीवाली आहे. लांब उभी राहा."

माझ्या हातात डॉक्टरांचा कागद होता. औषध चालू आहे, संसर्गाचा धोका नाही, कामावर घ्यायला हरकत नाही. त्याने घडीसुद्धा उघडली नाही. आणि मी? मान खाली घालून बाजूला सरकले. त्याच्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

मुरबाडच्या त्या कारखान्यात मी सहा वर्षं पॅकिंगला होते. किन्हवलीकडच्या आमच्या गावातून रोज जीपने जायचे. आमच्याकडे लावणीच्या वेळी एखादी बाई आजारी पडली तर घरातली दुसरी तिच्या जागी चिखलात उतरते. त्याला कुणी रजा म्हणत नाही. आम्हा बायकांना कामावर लावणाऱ्या ठेकेदाराने कारखान्यातही तेच चालवलं होतं. खोकून खोकून माझा जीव अर्धा झाला, तेव्हा तोच म्हणाला, "सुट्टी कशाला? घरातली बाई पाठव. जागा घरातच राहील." मी धाकट्या जावेला पाठवलं. रजेचा अर्ज दिलाच नाही. मूर्खपणा केला.

आता फाटकावर ठेकेदाराने छापील कागद पुढे केला. 'घरगुती कारणामुळे स्वखुशीने काम सोडत आहे.'

"जागा तूच दिलीस ना जावेला? मग कर सही."

विचारून सांगते म्हणाले आणि कागद घेऊन थेट कामगार विम्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या कारकून बाईंनी तो दोनदा वाचला.

"पगारातून विमा कापतात ना तुझा? डॉक्टरचा दाखला हाय, उपचार चालू हायेत. आजारी म्हणून काढता येत नाय तुला. म्हणून तर तुझ्याच हातून राजीनामा मागतायत."

सहा वर्षं विमा कापला जात होता. तो कशाचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर उभी राहिले. ठेकेदाराला म्हणाले, "आजारपणामुळे काढलं, असं लिवून द्या. स्वखुशी माझी नाय."

ठेकेदार हसला. "सही नाय केलीस तर उद्यापासून तुझी जाऊपण नाय."

घरी जाऊ तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "ताई, सही करा. तुमच्यापायी माझं का घालवता?"

तिचं चुकीचं नव्हतं. तिची लेक शेणव्याला शाळेत आहे. रात्रभर मला तिचंच पटत राहिलं. पण त्या कागदावरचं एक अक्षरही खरं नव्हतं. मी सही केली नाही.

जावेला खरंच काढलं. ती माझ्याशी बोलत नाही. एका चुलीवर दोघी जेवण करतो आणि मीठसुद्धा मागत नाही.

कामगार कार्यालयात मी तक्रार दिली आहे. सुनावणीची तारीख लागली आहे. जावेला मीच पाठवलं होतं, हे मी स्वतःहून सांगणार. पण काम मी सोडलेलं नाही. आजारी पडले म्हणून मला काढलं, आणि मी वाकले नाही म्हणून तिला काढलं. ठेकेदाराला आमच्या घरात एकच जागा दिसते. मी दोन मागणार आहे.