फोन घरी ठेवून चालणाऱ्या बायका

लातूरला मी वर्षभर एका खासगी कंपनीत महापालिकेसाठी नकाशे काढायचं काम केलं. लोकांच्या मोबाइलवरून कुठल्या रस्त्यानं किती माणसं गाडीनं जातात, किती पायी, हे आम्हाला कळायचं. जिथं लोक चालतात तिथं चांगले फूटपाथ करायचे, म्हणजे आणखी लोक गाड्या घरी ठेवतील आणि धूर कमी होईल, असा बेत. मला तो मनापासून पटला होता. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढणारे आमचे नांदेडचे पाहुणे बघून मी आधीच वैतागलेला होतो.

क्लासेसच्या भागात नकाशा पायी चालणाऱ्यांनी भरून गेला. तिथल्या प्रत्येक पोराच्या खिशात फोन. आमच्या घरामागचा रस्ता मात्र सकाळी कोरा दिसायचा. मी अहवालात लिहिलं, ‘पायी वर्दळ नगण्य’. चहा पिता पिता लिहिलं आणि खाली सही ठोकली.

त्याच रस्त्यानं माझी आई रोज सकाळी महादेवाला जायची. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात बेलाची पानं. सोबत गल्लीतल्या दहाबारा बायका. दोन्ही हात गुंतलेले, लुगड्याला खिसा नाही, त्यामुळं सगळ्यांचे फोन घरीच. आईचा तर मीच फ्रिजवर चार्जिंगला लावून ठेवायचो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढं त्या रस्त्याला फूटपाथ मिळाला नाहीच. उलट चालायची मातीची कड खोदून रस्ता गाड्यांसाठी रुंद केला. एका सोमवारी एका गाडीचा आरसा आईच्या खांद्याला लागला आणि ती गटाराकडं पडली. मनगट मोडलं. गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

मी कंपनीतल्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, आपण माणसं मोजलीच नाहीत, फोन मोजले. ते शांतपणे म्हणाले, “बरोबर हाय तुमचं. पण काम होऊन गेलंय. अहवाल तर तुमच्याच सहीचा हाय.” मला त्यांचा राग आला, आणि रागवायचं तोंड मला नव्हतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून ती ऐकत होती. मग म्हणाली, “रोज तुझ्या डोळ्यापुढून जायलो होतो की आम्ही. मला नुसतं इचारलं असतंस तरी सांगितलं असतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मनगट जुळलं, पण ती पुन्हा त्या रस्त्यावर पायी गेली नाही. बाकीच्या बायकांनीही धास्ती घेतली. आता त्या घरीच पूजा उरकतात. आईला सोमवारी मी गाडीनं नेतो. दहा मिनिटांची चाल, गाडीला दोन मिनिटं लागतात. उतरल्यावर ती लगेच आत जात नाही. पायरीशी थांबून रस्त्याकडं बघत राहते, गल्लीतली कुणी चालत येते का म्हणून. मी गाडी बंदही करत नाही. कुणी येत नाही. मग ती एकटीच आत जाते.